आठ नंबरचा परीक्षक

ऑगस्ट लागला की शारजात खिडक्यांच्या काचा बाहेरून भिजतात. आत एसी, बाहेर समुद्राची वाफ, आणि पाणी सगळं काचेच्या पलीकडे. आतून पुसायला जावं तर फडकं कोरडंच. या गावात येऊन मला बावीस वर्षं झाली, तरी दर ऑगस्टात एकदा तरी मी वेंधळ्यासारखी आतून काच घासते आणि मग स्वतःलाच सुनावते, ‘बाई गं, पाणी तिकडे आहे, तिकडे.’

परवा दुपारी तशीच फडकं घेऊन उभी होते आणि शेजारच्या खोलीतून सईचा आवाज आला. सई माझी लेक. दुबईच्या एका हॉस्पिटलात आयसीयूमध्ये नर्स आहे आणि सध्या अमेरिकेतल्या नर्स ॲनेस्थेशियाच्या कोर्सच्या इंटरव्ह्यूची तयारी करतेय. तिकडे नर्सेस वेगळा अभ्यास करून ऑपरेशनच्या टेबलाशी स्वतः भूल देतात. जागा मूठभर, अर्ज ढीगभर. म्हणून ही पोरगी आठवडाभर दार लावून स्वतःलाच प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तरं देते. “टेल अस अबाउट अ मिस्टेक यू मेड,” ती म्हणाली. मग घसा खाकरून सुरू झाली. दोन सलाईनच्या बाटल्या, एकीवर चुकीचं लेबल, लावता लावता लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही, मी मात्र आयुष्यभराचा धडा शिकले.

माझा हात काचेवर तसाच राहिला. ती गोष्ट माझी होती, अगदी ‘आयुष्यभराचा धडा’सकट शब्द न् शब्द माझा. आणि ती कधी घडलीच नव्हती.

पोरीला माझी जुनी निळी वही सापडली असणार. पण त्या क्षणी वही कुठली आठवायला? वाटलं, तो ऑगस्टच भिंतीपलीकडे बसून माझ्या आवाजात बोलतोय. 

तो ऑगस्ट मंदीच्या पुढच्या वर्षीचा. ज्यांनी ते दिवस इथे काढले त्यांना वेगळं सांगायला नको. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये धुळीने माखलेल्या गाड्या उभ्या असायच्या, मालक विमानात बसून कधीच पसार झालेले. धुळीवर कोणीतरी बोटाने काहीबाही लिहून जायचं. क्रेन आभाळात हात वर करून थांबल्या होत्या. माझा नवरा मिलिंद ड्राफ्ट्समन. त्याने काढलेला टॉवर कागदावर चाळीस मजले चढला आणि वाळूत अकराव्यावर थांबला. मिलिंदची नोकरीही तिथेच थांबली. नोकरीबरोबर व्हिसा जातो, म्हणून त्याचा आणि सईचा व्हिसा माझ्या नावावर घेतला. म्हणजे आमच्या डोक्यावरचं छप्पर माझी नोकरी, आणि मी जिथे नर्स होते त्या हॉस्पिटलातही दर पंधरवड्याला कोणाच्या तरी हातात नोकरी गेल्याचं पाकीट पडत होतं.

आमच्या बिल्डिंगचा सहावा मजला सगळा रिकामा झाला होता. बटण कोणी दाबलेलं नसताना लिफ्ट सहाव्यावर थांबायची. दार उघडायचं. समोर लांब, अंधारा पॅसेज आणि एका दाराबाहेर लहान मुलांच्या चपला. दार पुन्हा बंद व्हायचं. “सेन्सर का प्रॉब्लेम है मॅडम,” वॉचमन म्हणायचा. आठ वर्षांची सई मात्र रोज त्या पॅसेजकडे बघून हात हलवायची. “से हाय, मम्मा. दे आर जस्ट शाय.” मी तिला दटावायची, आणि एकटी असले की मीही डोळे मिटून घ्यायची.

तर अशा दिवसांत माझा अर्ज अमेरिकेतल्या एका कोर्सने उचलला. फोनवर इंटरव्ह्यू, ऐन रमजानात. माझ्या आधी गेलेल्या मैत्रिणीने प्रश्न पाठवले होते, ते मी निळ्या वहीत उतरवले. हीच संधी. ती साधली तर तिघेही तरणार होतो, नाहीतर गाशा गुंडाळून मिरजेला परत. मिरजेला काय वाईट आहे म्हणा, पण हरून जायचं गाव कुठलंच चांगलं नसतं.

मिलिंदने फारच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी टाय बांधून डायनिंग टेबलापलीकडे बसायचा. “सो, मिसेस शुभांगी, व्हाय ॲनेस्थेशिया?” मी तोंड उघडलं की ‘द’ कुठे राहिला, ‘इज’ कुठे राहिला. सई बाजूने उच्चार सुधारायची. एक दिवस माझा तोल गेला. म्हणाले, “माझे कसले घेतोस? आधी स्वतःचे इंटरव्ह्यू दे ना.” उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. त्याने टाय सोडला, नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर घरी सराव करणं बंद झालं. आणि आयसीयूतल्या ड्यूटीवर मला आठ नंबरचा बेड मिळाला.

आठ नंबरवर एक माणूस होता. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करताना वरून पडलेला. बरगड्या मोडल्या, मग फुप्फुसं भरली. वर्कशॉपला टाळं लागलेलं, मालकाचा फोन बंद. जवळच्या कार्डावर एवढंच, ‘इब्राहिम, इंडियन.’ भेटायला कोणी येत नव्हतं. छातीत नळी, तोंडात नळी, श्वास व्हेंटिलेटरचा. त्याचा स्वतःचा श्वास मशीनशी भांडू नये म्हणून त्याला दोन औषधं चालू होती. एक झोपेचं, दुसरं स्नायू पार ढिले पाडणारं. या दुसऱ्या औषधाने माणूस बोट हलवू शकत नाही, पापणी उचलू शकत नाही. त्याने झोप मात्र येत नाही. झोप पहिल्या औषधाने येते, आणि म्हणून पहिलं कमी पडता कामा नये. हे मी वहीत इंग्रजीत सुंदर अक्षरात लिहून पाठ केलं होतं.

नर्सिंगला असताना आमच्या मॅट्रनबाई सांगायच्या, “पेशंट बेशुद्ध असला तरी त्याच्याशी बोलत राहायचं. कान सगळ्यात शेवटी मिटतात.” आम्ही बोलायचो. पण देवळात हात जोडणाऱ्या सगळ्यांना कुठे वाटतं की देव खरंच ऐकतोय? तशातलं ते बोलणं. दुपारी दोन ते चार, राउंड आटोपलेले, रमजानमुळे बाहेर रस्तासुद्धा चिडीचूप, काचांवर बाहेरून पाणी ओघळतंय. मी आठ नंबरच्या उशाशी स्टूल घ्यायची आणि वहीतलं पहिलं पान काढायची.

“गुड मॉर्निंग, पॅनल,” मी त्याला म्हणायची. उत्तरं इंग्रजीत, आणि मधले शेरे मराठीत. आखातात मराठी माणसाला ही एक चैन असते. हिंदी इथे सगळ्यांना कळते, मल्याळम अर्ध्या हॉस्पिटलला. मराठीत काही बोला, कोणाच्या बापाला कळत नाही. लिफ्टमध्ये, दुकानात, वॉर्डात आम्ही बिनधास्त माणसांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल बोलतो. इब्राहिम म्हटल्यावर मी मनातल्या मनात त्याला हैदराबादचा करून टाकला होता. विचारसुद्धा केला नाही. मग काय, सगळं ओतलं त्याच्यापुढे. मिलिंद दिवसभर घरात बसून कसा डोकं उठवतो, त्याला तीनदा नकार आला तो त्याने मला कसा सांगितला नाही, मी त्याला काय बोलले, सासूबाई फोनवर काय म्हणाल्या. आणि ‘तुमची चूक सांगा’ या प्रश्नाला मी रचलेली बाटलीची गोष्ट. “सगळे हेच करतात हो,” मी त्याला म्हटलं होतं. “खरी चूक सांगायला मी काय वेडी आहे?”

चौथ्या की पाचव्या दिवशी त्याचं ब्लडप्रेशर उतरलं, म्हणून डॉक्टरांनी झोपेचं औषध कमी करायला सांगितलं. मी केलं. दुसरं औषध चालू राहिलं.

त्या दुपारी मी बाटलीच्या गोष्टीपाशी आले आणि मॉनिटरवरची त्याची नाडी चढली. ब्याऐंशीची एकशे बारा. मी थांबले. नाडी हळूहळू खाली आली. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा चढली. मी हसले. “माझं इंग्लिश ऐकून तुम्हालाही धडधडतं वाटतं!” दुसऱ्या दिवशी तेच. त्याच वाक्याला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाच्या पाळीपर्यंत गेलं. मी गॉजने पुसलं, डोळ्यात मलम घातलं आणि चार्टवर लिहिलं, ‘आय केअर गिव्हन.’ तिसऱ्या दिवशी पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. मधे एकदा डॉक्टरांना नाडीचं सांगितलं. ते म्हणाले ताप असेल. ताप नव्हता. मी पुढे बोलले नाही. वेळ जाईल, माझी दोन तासांची शांत दुपार जाईल, हेही त्यात होतंच. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

मग त्याची फुप्फुसं निवळली. औषधं एकेक करून बंद झाली, नळी निघाली. मी चमच्याने ओठ ओले करत होते. त्याने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, छताकडे बघत होता. मी बोलायला लागले तसे डोळे माझ्या आवाजाच्या दिशेने आले. मी हिंदीत विचारलं, “इब्राहिमभाई, कैसा लग रहा है?”

त्याने दोनदा आवंढा गिळला. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाला, “मिलिंदरावांचं कुठे जमलं काय?”

माझ्या हातातला चमचा खाली पडला. चमच्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तो राजापूरकडचा. चार पिढ्या कोकणात, घरात बोलणं मराठीच. “नावावरून तुम्हांला वाटलं असेल,” एवढंच म्हणाला. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. दोन दिवसांनी आवाज जरा भरला तेव्हा मी विचारलं.  “तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?”

“सगळं नाही. पहिले दिवस काळोख. मग एका दुपारी जाग आली ती तुमच्या गुड मॉर्निंगने. म्हटलं सकाळ झाली. डोळे उघडायला गेलो तर डोळेच नाहीत. हात नाहीत. श्वास कोणीतरी दुसराच घेतोय. म्हटलं, इब्राहिम, मेलास. कबरीत आहेस. पण कबरीत ही बाई इंग्लिश का बोलतेय?”

मी हसले नाही. तो हसला, आणि हसताना बरगड्या धरल्या.

“मी ओरडायचो ताई. आतल्या आत, जीव तोडून. तुम्ही मधेच थांबायचात. वाटायचं, गेलं ऐकू. मग तुम्ही माझा डोळा पुसायचात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.”

“माझा राग नाही आला?”

“आला तर! दोन दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग तेवढाच उद्योग राहिला. तुम्ही आलात की दुपार झाली कळायचं. एक दिवस तुम्ही आलाच नाहीत. तो दिवस काय संपेना हो.” माझी ती सुट्टी होती. त्या संध्याकाळी, रोजे सुटल्यावर, मी सईला घेऊन मॉलमध्ये आईस्क्रीम खात होते. “आणि एक सांगू? ती बाटलीची गोष्ट नका सांगू तुम्ही. खोटी वाटते. एकदा दोन बाटल्या म्हणालात, एकदा तीन.”

इंटरव्ह्यू चार दिवसांवर आला होता.

इंटरव्ह्यूच्या संध्याकाळी मिलिंद सईला घेऊन पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला, घरात आवाज नको म्हणून. फोनवर तीन माणसं होती. चेहरे नाहीत, नुसते आवाज, आणि प्रत्येक वाक्यानंतर दूरच्या लाइनचा एक मुका क्षण. काचा बाहेरून चिंब, पलीकडची बिल्डिंग दिसेनाशी झालेली. लक्ष लागावं म्हणून मी डोळे मिटले. पहिली उत्तरं फाडफाड गेली. मग तो प्रश्न आला. “टेल अस अबाउट अ मिस्टेक.”

बाटलीची गोष्ट जिभेवर होती. पण पहिलाच शब्द उच्चारताना वाटलं, आत्ता कुठेतरी एक नाडी चढतेय. माझ्याने पुढे बोलवेना. आणि मी आठ नंबरची गोष्ट सांगितली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत, ‘द’ आणि ‘इज’ गाळत. त्याच्याशी मराठी बोलले तेही सांगितलं, कारण ती मराठी त्याला कळत नाही असं मी जसं धरून चालले, तसंच तो झोपलाय असंही धरून चालले. एकाच चुकीची दोन तोंडं.

पलीकडे काही नाही. लाइनची बारीक घुमघुम. “हॅलो?” मी म्हटलं. काही नाही. ते आहेत की गेले? ऐकलं की नाही ऐकलं? डोळे मिटलेले, अंधार, आणि माझं सगळं त्या न दिसणाऱ्या माणसांच्या हातात. किती वेळ गेला कोण जाणे. मला कळलं मी कुठल्या बेडवर पडलेय.

मग एका बाईंचा आवाज आला, अगदी सावकाश. “तुम्ही चार्टवर काय लिहिलंत?”

“आय केअर गिव्हन.”

“आणि हे तुम्ही हॉस्पिटलला कळवलंत?”

कळवलं नव्हतं. ज्या नर्सचं नाव कागदावर येईल तिच्याच हातात पुढचं पाकीट, असा तो काळ. माझ्या नावावर तीन व्हिसा. हे सगळं सांगता आलं असतं. मी म्हणाले, “नो.”

“थँक यू,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जाऊन मी फॉर्म भरला. आमच्या हेड नर्सने वाचला, चष्मा काढला. “पेशंट जिंदा है ना? खलास. क्यों आफत मोल लेती हो?” मी म्हटलं, “सिस्टर, ले लो.” तिने घेतला. पाकीट काही आलं नाही, पण तीन महिने कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. आणि मग कधीतरी आमच्या चार्टवर एक नवी ओळ छापून आली. झोपेचं औषध कमी केलं तर दुसऱ्याचं काय, डॉक्टरांना विचारलं का? हो किंवा नाही. माझं नाव कुठे नव्हतं. ती ओळ भरताना दर वेळी पेन एक क्षण थांबायचं.

कोर्सचं पत्र आलं. दिलगिरी. त्या ‘नो’मुळे की माझ्या इंग्लिशमुळे, देव जाणे. बाटली सांगितली असती तर आज मी कुठे असते, हा हिशोब मी कितीतरी ऑगस्ट घातला आणि सोडून दिला. मिलिंदने पत्र वाचलं आणि आपला घडी केलेला टाय कपाटात ठेवला. “आता माझे इंटरव्ह्यू घे,” म्हणाला. घेतले. पुढच्या उन्हाळ्यात खोर फक्कानला बंदराच्या कामावर त्याला नोकरी लागली.

बकरी ईदला राजापूरहून इब्राहिमभाईंचा फोन आला. काठी घेऊन अंगणात फिरतोय म्हणाले. मग लगेच, “निकाल?”

“नाही झालं.”

“बाटली सांगितलीत?”

“नाही. तुमची सांगितली.”

बराच वेळ पलीकडे काही नव्हतं. मी या वेळी ‘हॅलो’ म्हटलं नाही. ते आहेत, हे मला माहीत होतं.

“मग बरं,” ते म्हणाले.

परवा मी फडकं ठेवलं आणि सईच्या खोलीचं दार ढकललं. टेबलावर निळी वही उघडी होतीच. “ती बाटलीची गोष्ट नको सांगूस,” मी म्हटलं. “खोटी वाटते.”

“मम्मा! एव्हरीबडी डझ इट.”

मग मी पलंगावर बसले आणि तिला हे सगळं सांगितलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती, पॅसेजमधली, रिकाम्या मजल्याला हात करणारी. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की मम्माला सीट मिळाली नाही. ऐकताना तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही. संपल्यावर म्हणाली, “कॅन आय यूज इट?”

“नाही. ती माझी आहे. तू तुझी शोध.”

“आय डोंट हॅव वन.”

 एसीचं पाणी बाहेर ठिबकत होतं. तिने वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. खिडकीकडे बघत राहिली, आणि जी पोरगी माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देत मोठी झाली ती हळूच म्हणाली, “आई, एक आहे.”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरून खाली गेलं. माझा हात सवयीने पुढे झाला, तो मी मागे घेतला. पुसलं नाही. उठून कोपऱ्यातलं स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि विचारलं, “काय झालं होतं, सांग.”